लढाईतली गळकी टाकी

माझी मुलगी नेमकं काय काम करते, हे मी चार वर्षं लोकांपासून लपवलं. वाळूजच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून ती पुण्याला गेली आणि व्हिडिओ गेमसाठी आवाज तयार करायला लागली. कुणी विचारलं की मी 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगून विषय बदलायचो. भूगोल शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या मुलीनं ठायं-ठायं करून पगार घ्यावा याची मला लाज वाटायची.

गेल्या हिवाळ्यात ती लॅपटॉप घेऊन आठ दिवसांसाठी घरी आली आणि दुसऱ्या सकाळीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, माझा गेम खेळता? ज्यानं जन्मात बंदुकीचा गेम खेळला नाही, असा माणूस हवाय मला."

मी पेपर खाली केला नाही. मग तिनं खरं काय ते सांगितलं. ओस पडलेल्या एका जुन्या शहरातून एक सैनिक पलीकडं जायची धडपड करतो, असा तो खेळ. त्यात मध्ये एक शांत टप्पा होता, एक अरुंद गल्ली आणि वरच्या गच्च्या, सगळा तिच्या आवाजांवर उभा केलेला. तिच्या साहेबांना तो कंटाळवाणा वाटत होता. त्यांची चाचणी अशी, की खेळणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी विचारायचं, काय लक्षात राहिलं? आतापर्यंत सगळ्यांनी बंदुकाच सांगितल्या होत्या. सोमवारी शेवटचा फैसला होता. तोवर कुणाच्या तरी लक्षात ती गल्ली राहायला हवी, नाहीतर ती काढून तिथं स्फोट घालणार होते.

"सहा महिने घातलेत मी त्या गल्लीत," ती म्हणाली. तिचा आवाज जरासा बारीक झाला, म्हणून मी खुर्ची ओढली. एरवी मी ऐकणाऱ्यातला नाही.

नेमबाजीची मला काळजी नव्हती. शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्या पोराला फळ्यापासून नेमका खडू मारलेला माणूस मी. पण इथं माउस हलवला की मान फिरायची, आणि पहिली पाच मिनिटं मी फक्त आभाळ पाहिलं. नंतर खाली पाहिलं तर मला पायच नव्हते. या जातीच्या खेळात आपण स्वतः दिसत नसतो. समोर फक्त आपले दोन हात, हातात बंदूक, आणि बाकी सगळं आपल्याच डोळ्यांनी बघितल्यासारखं.

"पाय कुठं गेले माझे?"

"पाय नसतात, बाबा."

"मग मी चालतोय कशानं?"

बायको शेजारी मटार सोलत बसली होती. तिचं माहेर फुलंब्रीकडचं, त्यामुळे तिला मनातलं मनात ठेवायची सवय नाही. कोपऱ्याआडून डोकावायला मी खुर्चीतच डावीकडं कलंडलो, तशी ती म्हणाली, "अहो, लई वाकू नका, पडाल. पाय नाय म्हणता अन् निघालेत लढायला!" थोड्या वेळानं तिनं चहा आणून मागून माझ्या खांद्याला हात लावला. मी माउस सोडला आणि दोन्ही हात वर केले. हे तिनं त्याच दिवशी सगळ्या माहेराला फोनवरून कळवलं.

मग मुलीनं माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि मी गल्लीत शिरलो. बंदुकांचे आवाज तर दिवाळीतही ऐकतो आपण, त्यांचं मला काही वाटलं नाही. इथं मात्र बंद दारामागं कुणाचं तरी भांडं पडलं. पत्र्यावर कबुतरं नखं घासत होती. मी दगडावरून चाललो तर एक आवाज, वाळूवरून वेगळा, पत्र्यावर तिसराच. पाय नव्हते, पण पावलं माझीच होती. मी हळू चालायला लागलो. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत मी श्वास धरून बसलो होतो आणि मला ते कळलंही नव्हतं.

गच्चीवर पोचलो, तोच समोरच्या शत्रूनं झाडलेली गोळी मला चुकवून पाण्याच्या टाकीला लागली. टाकीला भोक पडलं आणि पाण्याची धार लागली.

इथं आमच्या शहराबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं नळ रोज येत नाहीत. बऱ्याच दिवसांनी येतात, आणि नळाचा दिवस म्हणजे घरातलं कार्य. सगळी भांडी ओळीनं मांडलेली असतात आणि त्या दिवशी कुणी कुणाकडं जात नाही. लग्नाची तारीखसुद्धा लोक हळूच नळाशी जुळवून पाहतात. अशा माणसासमोर गच्चीवरची भरलेली टाकी गळायला लागली!

"बोळा! एखादा बोळा दे!" मी ओरडलो. बंदूक टाकून टाकीकडं धावलो आणि भोकापाशी पोचायच्या आत मेलो.

खेळ थोडा मागून पुन्हा सुरू झाला. पुन्हा टाकी फुटली, पुन्हा मी धावलो. भोकाला पाठ लावून उभा राहिलो, तर पाणी थांबलं नाही आणि मी मेलो. आठ वेळा मेलो. "बाबा, शत्रूकडं बघा," असं मुलगी एकदाही म्हणाली नाही, नुसती माझा व्हिडिओ घेत राहिली. नवव्यांदा मला कोपऱ्यात लोखंडी ड्रम दिसला. आडोशाला ठेवलेला असावा. मी तो ढकलत ढकलत धारेखाली नेला आणि त्याच्यामागं दडून बसलो. पाणी ड्रममध्ये पडायला लागलं. आधी घडघड, मग आवाज चढत, बारीक होत गेला, आणि मध्येच एकदा 'गुडुक्' झालं.

मी हेडफोन काढला. "हा आपला ड्रम आहे."

आमच्या मोरीतल्या ड्रमला वीस वर्षांपूर्वी पोचा आलाय. पाणी त्या पोच्याशी पोचलं की गुडुक् होतं. ते ऐकलं की मी पेपर टाकून नळ बंद करायला धावतो.

मुलगी हसली. "दिवाळीत रेकॉर्ड केला होता. माझा माइक बघून तुम्ही ओरडला होतात, ते केसाळ बोंडूक ड्रमवरून काढ म्हणून."

मी पुन्हा हेडफोन घातला. ड्रम भरला आणि आवाज एकदम थांबला.

"चूक आहे," मी म्हणालो. पेपर तपासताना लागायचा तोच माझा आवाज लागला. "भरल्यावर आवाज थांबत नाही. पाणी काठावरून उतरतं, फरशीवर पडतं. तुझं पाणी गेलं कुठं?"

"तो आवाज माझ्याकडं नाही. दुसरीकडचा लावून पाहिला, पण दोन वेगळे ड्रम वाटतात." तिनं मोरीकडं पाहिलं. "बाबा, आपल्या घरात आजवर काही भरून वाहिलंय का? तुम्ही वाहू दिलंय का?"

दुसऱ्या सकाळी तिनं नियमाप्रमाणं विचारलं, काय लक्षात राहिलं? मी पेपरच्या कोऱ्या कडेवर नकाशाच काढून दिला. उतार पूर्वेकडं, दगड कुठं संपतो, पत्रा कुठं लागतो, भांडं कोणत्या दारामागं पडलं. अर्धा तास बोललो.

"आणि बंदूक कोणती होती?"

"काळी असावी."

नळ शनिवारी दुपारी आले. ड्रम लावला. मुलगी ते बोंडूक धरून, डोळे मिटून मोरीच्या दारात बसली. रात्रभर विचार करून मी एक तोड काढली होती. ड्रमभोवती तीन घमेली आणि एक परात मांडली होती. पाणी वाहणारही आणि वायाही जाणार नाही.

गुडुक् झालं. माझा हात आपसूक नळावर गेला. तो मी दुसऱ्या हातानं धरून ठेवला. पाणी काठाशी आलं, क्षणभर फुगलं आणि खाली उतरलं. टण, टण, टण.

तिनं डोळे उघडले. "बाबा, हा घमेल्याचा आवाज आहे."

बास, एवढंच म्हणाली. मागितलं काही नाही. मी पायानं घमेली बाजूला सारली, परातही सारली. पाणी शहाबादी फरशीवर पडलं आणि खळखळत मोरीच्या जाळीकडं निघालं. एवढ्यात दोन दिवसांची भांडी निघाली असती, हे मी मनात मोजूनही टाकलं. पण तिच्याकडं पाहिलं, तर ती डोळे मिटून ते पाणी ऐकत होती. दहावीच्या निकालाच्या दिवशीही तिचा चेहरा असा नव्हता. हिच्या कामाची आपल्याला लाज वाटायची, याचीच मला लाज वाटली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो! ड्रम वाहतोय की! बहिरे झालात का?"

मी तोंडावर बोट ठेवलं. मुलीनं मान हलवली, असू द्या.

सोमवारी संध्याकाळी ती ऑनलाइन मीटिंगमधून उठून बाहेर आली. साहेब लोक माझ्या आठ मरणांवर पोट धरून हसले होते आणि मग नकाशा निरखत बसले होते. गल्ली राहिली. आता मला कुणी विचारलं की मी नीट सांगतो, विचारलं नाही तरी सांगतो.

खेळ आता माझ्याकडंही आहे. मी अजून त्या गच्चीच्या पुढं गेलेलो नाही. ड्रम धारेखाली ढकलतो, गुडुक् होतं, पाणी काठावरून फरशीवर उतरतं आणि खालच्या कुठल्याशा खिडकीतून हाक येते, "अहो! ड्रम वाहतोय की!" मला सगळं माहीत असतं. तरी मी "आलो, आलो" म्हणत वळतो आणि दर वेळी पाठीत गोळी खातो.

"मी कुठं हाक मारली?" स्वयंपाकघरातून बायको विचारते.