तारवाल्या मुलांच्या वनिताबाई

पांढुर्ण्याच्या दातांच्या दवाखान्यात वनिताबाई मदतनीस होत्या. दातांना तार लावलेलं मूल आलं की त्या आधी त्याचा डबा उघडायच्या, तोंड नंतर. डब्यातल्या प्रत्येक वस्तूवर अंगठ्याचं नख दाबून पाहायच्या. "नख रुतलं त खाय, नाही रुतलं त किसून नाही त कुटून खाय," एवढंच त्यांचं पथ्य. जामसावळीच्या मारुतीच्या प्रसादाचं खोबरं माझ्या लेकीनं, तेजूनं, घाबरून तसंच ठेवलं होतं. वनिताबाई म्हणाल्या, "किसून खाय वं. मारुतीले राग नाही येत."

एवढ्या सोप्या पथ्यावर माझा भरवसा नव्हता. मी सौंसरला शाळेत शिकवते; यादी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. भाजलेल्या कणसानं तेजूच्या दातावरची तारेची एक कडी निघाली, त्याच दिवशी मी फ्रिजवर यादी लावली. चालेल: वरणभात, खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी, केळं, संत्र्याच्या फोडी. चालणार नाही: फुटाणे, ऊस, चिक्की, बर्फ, अख्खा पेरू, भाकरीचे कडक काठ. ही दुसरी बाजू वाढतच गेली. निघालेली कडी श्वासनळीत गेली तर, या धास्तीनं मी तेजूच्या प्रत्येक घासाकडे पाहत बसायचे. आणि ही धास्ती तिला बोलूनही दाखवायचे.

मागच्या हिवाळ्यात तिचं जेवण कमी झालं. विचारलं की भूक नाही म्हणायची. एका सकाळी तिच्या उशीवर रक्ताचे ठिपके दिसले. गाल सुजला होता, अंगात ताप होता आणि ती तोंड उघडायला तयार नव्हती. पांढुर्ण्याच्या बसमध्ये मी तिचा हात धरून बसले.

वनिताबाईंनी डबा पाहिला. वाटेसाठी दिलेली खिचडी जशीच्या तशी होती. मग तोंडात बॅटरी धरली. मागची कडी निघालेली, तारेचं टोक गालात घुसून पू झालेला. केव्हापासून, त्यांनी विचारलं. तेजूनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसा."

बाहेरच्या बाकावर मी यादीत काय राहून गेलं ते आठवत होते. काहीच सापडेना. डॉक्टरांनी टोक कापून औषध दिल्यावर वनिताबाई बाहेर आल्या. आठ दिवसांपूर्वी मैत्रिणीनं चिक्की दिली होती, असं सांगून त्या माझ्याशेजारी बसल्या. आवाज चढवला नाही.

"पोरगी तारेले नाही भेत, मॅडम. तुम्हाले भेऊन राहिली. कडी त आम्ही पुन्हा लावून देऊ. तिनं सांगणंच बंद केलं, मंग काय करान?"

घरी आल्या आल्या मी फ्रिजवरची यादी उतरवली. धास्ती मात्र उतरली नाही.

उन्हाळ्यात एकदा तेजू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, फुटाणे खाल्ले मी. एक कडी हलून राहिली."

बरं झालं सांगितलंस, मी म्हणाले. माझा आवाज कापत होता. दवाखान्यात फोन लावला. कुणी नवी मुलगी बोलत होती. तिनं उद्याची वेळ दिली. वनिताबाईंना फोन द्या म्हटलं. पंधरा दिवसांपूर्वी त्या गेल्या, म्हणाली. झोपेतच.

फोन ठेवला. काय झालं, तेजू विचारत होती. आत्ता नको सांगायला, असं क्षणभर वाटलं. मग तिला जवळ बसवलं आणि सांगितलं.