औरंगपुऱ्यातला फ्लेक्स आणि बाईंचं तिकीट

औरंगपुऱ्याच्या वळणावर स्कूटी थांबवून सहज मान वर केली, तर रिबेका बाई माझ्याकडे बघत होत्या. फ्लेक्सवरून. चष्मा नाही, हसू नाही, दोन्ही कान दिसतायत. तो व्हिसाचा फोटो होता. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'लासूर स्टेशनचा अभिमान! आमच्या रिबेका बाई आंतरराष्ट्रीय ज्यू परिषदेला रवाना.' त्याखाली परदेशातल्या शहराचं नाव. त्याखाली तारखा. अगदी तळाला शुभेच्छुकांचे चेहरे, अर्ध्यांच्या डोळ्यांवर गॉगल.

मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी स्कूटी कडेला घेतली आणि तारखा पुन्हा वाचल्या.

अभिनंदनाचा फ्लेक्स बघून घाबरण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. म्हणून थोडं मागचं सांगते.

मी एका ट्रॅव्हल ऑफिसात व्हिसा डेस्क सांभाळते. म्हणजे लोकांचे कागद तपासायचे, फॉर्म भरायचे, वकिलातीची अपॉइंटमेंट घ्यायची आणि व्हिसा येईपर्यंत त्यांचे फोन घ्यायचे. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. लासूर स्टेशनच्या शाळेत रिबेका बाईंनी मला इंग्रजी शिकवलं नसतं, तर या खुर्चीत मी बसले नसते.

बाई बेने इस्राएल. म्हणजे मराठी ज्यू, मूळचे कोकणातले. त्यांचे मिस्टर रेल्वेत होते, बदली होऊन लासूरला आले. गावात बहुतेक जण त्यांना ख्रिश्चन समजायचे. बाईंनी ते कधी मुद्दाम खोडून काढलं नाही आणि आपण कोण ते कधी लपवलंही नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या खिडकीत दिवे दिसायचे. शनिवारी सकाळची शाळा असायची. बाई चालत यायच्या, पण त्या दिवशी खडू हातात घ्यायच्या नाहीत. फळ्यावर आम्हीच लिहायचं. त्यांचा शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी अंधार पडल्यापासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, हे मला पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं.

आता बाई शहरात, स्टेशन रोडला एकट्या राहतात. जगभरातल्या ज्यू समाजांच्या प्रतिनिधींची एक धोरण परिषद भरते. समाजातल्या म्हाताऱ्यांची सोय, प्रार्थनास्थळं, दफनभूमी, असे विषय असतात. जिथे समाज मूठभर उरला आहे, तिथल्यांपैकी कुणीतरी बोलावं म्हणून बाईंना निमंत्रण आलं.

"सुरेखा, आमच्या माणसांच्या कबरी आहेत इकडे," बाई म्हणाल्या होत्या. "गवत काढायला आता माझ्याशिवाय कुणी नाही. माझ्यानंतर काय? तेवढं विचारून येते. यांची पण कबर तिथंच आहे."

'यांची' म्हणजे मिस्टरांची.

अशा परिषदेचं प्लॅनिंग मी कधी केलं नव्हतं. पहिल्याच मेलमध्ये सूचना होत्या. परिषदेची जागा कुणाला सांगू नये. प्रवासाच्या तारखा, हॉटेल, काहीही सोशल मीडियावर टाकू नये. प्रत्येकाचं सिक्युरिटी क्लिअरन्स होणार, म्हणजे माणूस कोण, कुठला, याची आयोजक आधी चौकशी करणार. हॉटेलचं नाव निघायच्या आदल्या दिवशी कळणार.

आणि व्हिसाच्या फॉर्मवर पहिला प्रश्न, राहणार कुठे?

आमचे बॉस जाधव सर म्हणाले, "हॉटेल नाही, जागा नाही, नुसती परिषद? सुरेखा, परिषदेच्या नावावर माणसं पाठवणारे पकडले जातात. आपलं लायसन्स जाईल."

मी आयोजकांना लिहिलं. त्यांनी राहण्याचा तपशील परस्पर वकिलातीला कळवला. तरी मी धास्तावलेलीच होते. फाइलवर 'ज्यू' हा शब्द लिहिला नाही, नुसतं 'कॉन्फरन्स' लिहिलं. ऑफिसच्या ग्रुपवर काही टाकलं नाही. इतकी काळजी कशाची, हे मला नीट सांगता आलं नसतं. पण ज्यांना जागा लपवून परिषद घ्यावी लागते, ते उगीच लपवत नसणार, एवढं कळत होतं.

व्हिसा आला. आणि त्यानंतर हा फ्लेक्स.

फ्लेक्सच्या कोपऱ्यात प्रिंटरचं नाव असतं. मला ते वाचायची गरज नव्हती. व्हिसाच्या फोटोसाठी मी सगळ्यांना संतोषकडे पाठवते. तोही लासूरचा, माझ्याच वर्गातला. फोटो स्टुडिओ, झेरॉक्स आणि फ्लेक्स, तिन्ही धंदे एकाच गाळ्यात.

"संतोष, तो फ्लेक्स आत्ताच्या आत्ता उतरव."

"का बरं? लई भारी झालाय की. स्पेलिंग बी दोनदा बघितलं."

"तुला तारखा कुणी दिल्या?"

"बाई निमंत्रणाची कलर प्रिंट काढायला आल्या होत्या. फाइल राहिली कॉम्प्युटरात. व्हिसा आल्याचा फोन केला बाईनं, मग म्हणलं सरप्राईज देऊ. तारखेबिगर फ्लेक्स अर्धा वाटतो, सुरेखा."

मी त्याला सूचना सांगितल्या. त्याचा चेहरा उतरला. "आपल्या बाईला कोण काय करणार गं?" एवढंच तो म्हणाला आणि स्वतःच शिडी घेऊन निघाला.

फ्लेक्स उतरला. पण त्याचा फोटो वर्गाच्या ग्रुपवरून कुठे कुठे गेला होता. माझ्या आईच्या भिशीच्या ग्रुपवरसुद्धा आला होता, हात जोडलेल्या चित्रांसकट.

जाधव सरांना सांगितलं. ते दार लावून म्हणाले, "उतरला ना? विषय संपला. आयोजकांना कळवू नकोस. ते नाव काढतील, म्हातारीचं जाणं बोंबलेल, आणि खापर आपल्यावर."

"आणि काही झालं तर?"

"काय होतंय? तू फार बातम्या बघतेस."

मला त्यांचं म्हणणं पटवून घ्यायचं होतं. खरंच. दुपारपर्यंत मी ते पटवूनही घेतलं.

दुपारी ऑफिसच्या लँडलाइनवर फोन आला. पुरुषाचा आवाज. स्वच्छ, शांत मराठी. "रिबेका बाईंचं बुकिंग तुमच्याकडेच आहे ना? कोणत्या फ्लाइटने चालल्यात? उतरणार कुठे?"

"आपण कोण?"

"शुभेच्छा द्यायच्या होत्या."

"नाव सांगा ना."

फोन ठेवला गेला.

तो बाईंचा जुना विद्यार्थी असेल. एखाद्या पेपरचा बातमीदार असेल. फ्लेक्सवर आमच्या ऑफिसचं नाव नव्हतं, मग त्याला आमचा नंबर कसा सापडला, याचं उत्तर मात्र मला आजही मिळालेलं नाही. मी रिसीव्हर ठेवला तेव्हा सर माझ्याकडेच बघत होते. त्यांनी पंख्याचा स्पीड वाढवला. माझ्या कपाळावर घाम होता.

"जा बाईंकडे," ते म्हणाले. "पण काय करायचं ते त्यांना ठरवू दे."

तो शुक्रवार होता. बाईंनी टेबलावर पांढरा कपडा अंथरला होता, दिवे मांडले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फ्लेक्सचं ऐकून त्यांना आधी हसू आलं. "गॉगल लावून उभा आहे का मेला संतोष?" मग फोनचं सांगितलं. हसू गेलं.

"बाई, सर म्हणतात कळवू नका. कळवलं तर कदाचित तुम्हाला नाही जाता येणार."

"आणि नाही कळवलं तर?"

त्यांनी टेबलावरच्या कपड्याची सुरकुती हाताने सारखी केली.

"तिथं माझ्यासारखे कितीतरी येणार, सुरेखा. माझ्यामुळं त्यांची जागा उघडी पडली तर? लाव फोन. अंधार पडायच्या आत लाव, नंतर मी फोनला हात लावणार नाही."

मी स्पीकरवर फोन लावला. आयोजकांच्या सिक्युरिटी ऑफिसर एक बाई होत्या. आवाजात चढउतार नाही. मी इंग्रजीत सांगत होते आणि जीभ अडखळत होती. रिबेका बाई शेजारून हळूच शब्द पुरवत होत्या, वर्गात पुरवायच्या तशा.

"पोस्टर केवढं होतं?" ऑफिसरनी विचारलं.

"दहा बाय आठ फूट."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज.

"तुमच्याकडे हे नेहमीचं आहे?"

"हो मॅडम. वाढदिवसालाही लावतात."

पुन्हा टाइप केल्याचा आवाज. मग फ्लेक्सचा फोटो, फोन आल्याची वेळ, सगळं पाठवायला सांगितलं. "निर्णय कळवू. तोपर्यंत तिकिटाला हात लावू नका."

फोन संपला. बाई उठल्या आणि खिडकीची दोन्ही दारं लावून घेतली. कडी घट्ट बसत नव्हती, कारण तिला लागायची सवयच नव्हती. मी मदत केली. दिवे त्यांनी आतल्या बाजूला, कपाटावर लावले. लासूरला रस्त्यावरून दिसणारे ते दिवे मी लहानपणापासून बघत आले होते. त्या संध्याकाळी रस्त्यावरून काही दिसलं नसतं.

उत्तर यायला वेळ लागला. मधल्या दिवसांत ऑफिसचा फोन वाजला की मी आधी समोरच्याचं नाव विचारायचे. संतोष रोज येऊन दारातच विचारायचा, "आलं का काही?" आणि आत न येता निघून जायचा.

अखेर मेल आला. बाईंना येता येईल. पण जुनं तिकीट रद्द, नवं वेगळ्या मार्गाचं, ते आयोजकच काढणार. मला फक्त पासपोर्टची प्रत मागितली. कार्यक्रमपत्रिकेत बाईंचं नाव छापलं जाणार नाही, नुसतं 'भारतातील एक प्रतिनिधी' असेल. आणि मला, ज्या मुलीने हे सगळं प्लॅनिंग केलं तिला, नवी तारीख कळणार नाही. वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. जे मला माहीत नाही, ते माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकणार नव्हतं.

एक दिवस बाईंच्या दाराला कुलूप दिसलं. ते कुलूप असेपर्यंत मी बातम्या लावल्या नाहीत.

बाई परत आल्या. बोलून आल्या. कबरींच्या देखभालीसाठी दूर देशातल्या एका ज्यू समाजाने जबाबदारी घ्यायचं कबूल केलं आहे. संतोष माझ्यासोबत भेटायला आला होता. खाली मान घालून म्हणाला, "बाई, आता तरी लावू का एखादा? छोटा?"

"लाव," बाई म्हणाल्या. "पण फोटो दुसरा काढ. त्या फोटोत मी आधीपासूनच घाबरलेली दिसते."

खिडकीचं एक दार उघडं होतं. दुसरं अजून लावलेलंच होतं.

आमच्या ऑफिसात व्हिसाच्या क्लायंटला सूचनांचा एक कागद देतात. मूळ पासपोर्ट आणा, फोटोत कान दिसू द्या वगैरे. त्यात आता शेवटी मी एक ओळ घातली आहे, 'प्रवासी परत येईपर्यंत फ्लेक्स लावू नये.' लोक वाचून हसतात. जाधव सर हसत नाहीत. मीही नाही.