आस सोडू नको

एका मंगळवारी सकाळी माझे यजमान वारले. दुपारी त्यांचा आस भंगारात गेला. तो बाहेर काढू का, असं मला विचारलं होतं आणि मी मान हलवली होती.

आस म्हणजे एक्सल. ट्रकच्या दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा, मधोमध घमेल्याएवढा फुगवटा, दोन्ही टोकांना ढोलासारखे ब्रेक. गोडादऱ्याच्या आमच्या रो-हाउसच्या पॅसेजमध्ये तो दोन वर्षं भिंतीला लागून पडलेला होता. ज्या ट्रकचा तो होता, तो लष्कराच्या लिलावातून आलेला, आम्हा दोघांच्या जन्माआधीचा. स्वयंपाकघरात जायचं तर पाय उचलून त्याचा फुगवटा ओलांडावा लागे. पाहुणे येणार असले की मी त्याच्यावर चादर घालत असे. काही पाहुणे मग त्याच्यावर बसत.

हे एका डाइंग मिलमध्ये फिटर होते. रविवारी भेस्तानला एका मित्राच्या शेडमध्ये जात. मित्राचं गॅरेज होतं, आणि त्याची मुलगी माझ्या वर्गात शिकून गेलेली, म्हणून तो मला बाई म्हणतो. दोघांनी मिळून एक जुनी जीप घेतली होती आणि तिच्याखाली त्या ट्रकचे दोन एक्सल बसवायचं ठरवलं होतं. जीपचे मूळचे एक्सल चिखलात मोडतात, जुन्या ट्रकचे मोडत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं. "आताचं लोखंड म्हणजे खारी बिस्कीट," हे म्हणायचे. ट्रकच्या एक्सलमधले दातेही असे की इंजिन पुष्कळ फिरतं तेव्हा चाक थोडंसं फिरतं. त्यामुळे गाडी हळू चालते, पण थांबत नाही.

पुढचा एक्सल बसला तेव्हा मी बघायला गेले होते. चाकं दोन्ही बाजूंनी वीत वीत बाहेर आली होती. बापाच्या चपला घालून पोर उभं राहावं, तशी जीप उभी होती. शिवाय एवढी बदललेली गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी नव्हती. म्हणजे जी गाडी कुठेही जाऊ शकणार होती, तिला कुठेही न्यायचं तर टेम्पोत घालून न्यावं लागणार होतं.

"मग हिचा उपयोग काय?" मी विचारलं.

"चिखल लागला की समजेल," हे म्हणाले.

मागचा एक्सल शेडवरून चोरीला जाईल या भीतीने त्यांनी तो घरी आणला. सहा माणसं, एक टेम्पो, आणि शेजारपाजारच्या सगळ्या बायका दारात.

"हे काय आणलंत?"

"एक्सल."

"मराठीत त्याला आस म्हणतात," मी म्हणाले. राग आला की मी समोरच्याची भाषा दुरुस्त करते, ही माझी जुनी खोड आहे. मी मराठी शाळेत भूगोल शिकवते, आणि ‘पृथ्वीचा आस कललेला आहे’ हे वाक्य दर वर्षी फळ्यावर लिहिते.

हे हसले. खूश झाले की ते अहिराणीत बोलत. म्हणाले, "मंग हाऊ मना आस शे, मास्तरीणबाई." आणि दुसऱ्या दिवशी ब्रश आणून त्यावर पिवळ्या ऑइलपेंटने ठळक लिहिलं, आस. मिलमध्ये आणि शेडवर ते एक्सल म्हणत. आस ते फक्त माझ्यासमोर म्हणत; मित्राने तो शब्द घरी आल्यावर रंगात वाचला, तेवढाच.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही चूक माझीच झाली.

शेवटच्या आठवड्यात त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं. त्यांनी खुणेने पेन मागितलं आणि एक्स-रेच्या पाकिटावर लिहिलं, "आस सोडू नको." मी वाचलं आणि रडले. माझे दीर शेजारी होते, तेही रडले. नर्सने विचारलं काय लिहिलंय, तर दिरांनी सांगितलं, "उम्मीद मत छोड़ना." तिनेही डोळे पुसले. मी त्यांचा हात धरून म्हणाले, "नाही सोडणार." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. नंतर त्यांनी काही लिहिलं नाही.

मंगळवारी दुपारी तिरडी पॅसेजमध्ये वळेना. दीर माझ्यापाशी आले. "वहिनी, ते लोखंड बाहेर काढू का?" मी मान हलवली. मला त्या वेळी कुणी घर बाहेर काढू का विचारलं असतं तरी मी मान हलवली असती. यांना चौघांनी उचललं. आसाला आठ जण लागले. उचलताना त्यातल्या एकाच्या तोंडून सवयीने "राम बोलो भाई राम" निघून गेलं आणि बाकीच्यांनी साथ दिली. गल्लीत भंगारवाल्याचा टेम्पो आला होता. गर्दी बघून त्याने भोंगा बंद केला आणि हात जोडून उभा राहिला. दिरांनी त्याला आस देऊन टाकला.

तेराव्याला आमच्याकडे स्टीलचं भांडं वाटतात. दिरांनी दीडशे वाट्या आणल्या आणि त्यावर यांच्या नावाखाली ते शेवटचं वाक्य कोरून घ्यायचं ठरवलं. दुकानातून त्यांचा फोन आला. "वहिनी, नको की नका?"

"सगळ्यांना द्यायच्या आहेत ना? मग नका," मी म्हणाले.

तेराव्याची पंगत बसली. मित्राने वाटी हातात घेतली, फिरवून वाचली, पुन्हा वाचली. मग मान वर करून मला विचारलं, "बाई, आस कुठंय?"

यांचे मामा शेजारी जेवत होते. त्यांनी भाताचा हात तसाच ठेवून सांगितलं, "बाबा रे, आस माणसाच्या मनात असते."

"मनात नाही हो मामा. पॅसेजमध्ये होता."

होता. मी वाढता वाढता थांबले. आशा या अर्थाची आस स्त्रीलिंगी, ती असते. चाकाचा आस पुल्लिंगी, तो असतो. आणि ‘आस सोडू नको’ या वाक्यात लिंग कुठेच दिसत नाही. एवढी वर्षं मुलांना शिकवलं आणि एका वाक्यात मला ते शोधावंसं वाटलं नाही.

"ते लोखंड?" दीर म्हणाले. "ते मी त्याच दिवशी भंगारात दिलं."

"लोखंड नव्हतं ते. गाडीचा मागचा एक्सल होता." मित्राने वाटी खाली ठेवली. "तो मला म्हणाला होता, माझा भाऊ पॅसेज मोकळा करायला टपलाय. मास्तरीणबाईला लिहून देतो, ती सोडणार नाही."

दिरांनी आपल्या पानातल्या वाटीकडे पाहिलं. "मी दीडशे कोरून घेतल्या."

"छान कोरल्यात," मित्र म्हणाला.

मला हसू आलं. ते आवरेना. पदर तोंडावर घेतला तरी खांदे हलत राहिले. बायकांना वाटलं मी रडतेय, त्यांनी मला धरून आतल्या खोलीत नेलं आणि पाठीवरून हात फिरवत बसल्या. थोड्या वेळाने त्यांचं म्हणणं खरं झालं. मी यांना शब्द दिला होता. यांनी तो ऐकला होता, निश्चिंत झाले होते, आणि मी मान हलवून तो भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवला होता. गॅसकटरने तुकडे व्हायला तेरा दिवस पुष्कळ झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, मित्र आणि दीर त्या टेम्पोवाल्याचं भंगाराचं आवार शोधत गेलो.

आवारात एक्सलांचा ढीग माझ्या शाळेच्या भिंतीइतका उंच होता. मालकाने माझ्याकडे पाहिलं. "बेन, इसमें से कौन सा? कोई निशानी?"

"पीले रंग से आस लिखा है."

"आस मतलब?"

मी त्याला दोन्ही अर्थ सांगायला सुरुवात केली, आधी पुल्लिंगी, मग स्त्रीलिंगी.

"बाई," मित्र हळूच म्हणाला, "व्याकरण राहू द्या."

मालकाने पत्र्यांच्या पलीकडे हाक मारली, "अरे, आस किधर है?"

पलीकडून उत्तर आलं, "सेठ, आस पे तो हम बैठे हैं."

तिघे जण त्याच्यावर बसून चहा पीत होते. बसायला उंची बरोबर आहे म्हणाले, आणि कापायला अख्खा दिवस जाईल म्हणून कामही रोज उद्यावर ढकललेलं. त्यातला एक उठून उभा राहिला, कमरेवरच्या गमछाने त्याने फुगवट्यावरची धूळ पुसली आणि म्हणाला, "हम समझे कंपनी का नाम है."

मालक पैसे घेईना. त्याला कुठल्याशा कारखान्याला ठरलेलं लोखंड पाठवायचं होतं. वजनाला वजन द्या, म्हणाला. आम्ही काही बोलायच्या आत दीर रिक्षा करून निघून गेले. तासाभराने टेम्पोतून आले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची स्वतःची लोखंडी कॉट होती, गच्चीवरचं जुनं फाटक होतं आणि शिलाई मशीनचा सांगाडा होता. सगळं काट्यावर चढवलं. कमी पडलं. दिरांनी पिशवीतून उरलेल्या वाट्या काढल्या. मालकाने एक हातात घेऊन वाचली आणि परत दिली. "इस पर गुज़रे हुए का नाम है. ये मैं नहीं तोलूँगा."

तेव्हा दीर कॉटशेजारी काट्यावर जाऊन उभे राहिले. काटा बरोबर झाला.

मालक त्यांच्याकडे बघत राहिला, मग इतका हसला की त्याला बसावं लागलं. "ले जाओ," तो म्हणाला. "इनको भी और आस को भी."

कॉट मात्र तिथेच राहिली. दीर आता जमिनीवर गादी घालून झोपतात. पाठीला बरं वाटतं म्हणतात.

मित्राने चार रविवार घालवून आस गाडीखाली बसवला. मग बारडोलीच्या अलीकडे, त्याच्या ओळखीच्या एकाच्या शेतात, ऊस तोडून पाणी सोडलेल्या जमिनीवर गाडी चालवून बघायची ठरली. परवानगी नसल्यामुळे तिला टेम्पोतच नेलं. बांधावरून आत वळताना टेम्पो मागच्या चाकांनी चिखलात रुतला. ड्रायव्हरने जेवढा जोर लावला तेवढा तो खाली गेला. शेवटी फळ्या लावून जीप त्याच टेम्पोतून उतरवली, पुढे नेली, आणि दोर बांधून तिनेच त्याला ओढायला घेतलं. मी मित्राच्या शेजारी बसले होते. इंजिन घसा फाडून ओरडत होतं आणि गाडी म्हशीच्या चालीने चालली होती. दीर पायी आमच्या बरोबरीने आले, थोडे पुढेही गेले, मग चिखलात चप्पल अडकली म्हणून मागे राहिले. टेम्पो बाहेर आला. त्याच टेम्पोत घालून आम्ही जीप परत आणली.

"लागला चिखल," मित्र म्हणाला.

मी हो म्हणाले. साडीचा काठ गुडघ्यापर्यंत भरला होता.

आस आता गाडीखाली आहे आणि गाडी भेस्तानच्या शेडमध्ये. पॅसेज रिकामा आहे, तरी फुगवट्याच्या जागी माझा पाय वर उचलला जातो. घरात बावीस वाट्या उरल्या आहेत. त्यातल्या एकीत मी रोज दही लावते.