सूनमुखाच्या जागी फाटलेलं चित्र

ती घटना कुठल्याही गुन्हे नोंदवहीत सापडणार नाही; पण ज्या तपासांसाठी मला प्रशस्तिपत्रं मिळाली, त्यांच्यापेक्षा ती मला जास्त लख्ख आठवते. माझी निवृत्ती जवळ आली होती आणि नेमणूक जरीपटका पोलीस ठाण्यात होती.

सकाळची हजेरी आटोपून चहा सांगितला, तेवढ्यात कन्हानचे एक गृहस्थ कार्यकर्ते घेऊन आले. चौकाचौकांत त्यांच्या अभिनंदनाचे फलक असत. अभिनंदन करणारेही बहुधा तेच असावेत. त्यांच्या लग्नाचा वाढदिवस लॉनवर होणार होता आणि तिथे भिंतीएवढ्या पडद्यावर लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट दाखवायची होती. आमच्या हद्दीतल्या एका दुकानात ती त्यांनी डिजिटल करायला दिली होती.

दुकानदाराने काम चोख केलं होतं. चित्राच्या वरच्या कडेला माणसांची डोकी एकीकडे वाकत होती, ती सरळ केली, थरथर घालवली. एका जागी मात्र चित्र पार फाटलं होतं आणि तिथे त्याच्या यंत्राचाही इलाज चालेना. ती जागा सूनमुखाची. सासू नव्या सुनेचं तोंड आरशात पाहते, तो विधी. गृहस्थांच्या दिवंगत आई कॅसेटमध्ये जवळून दिसत, त्या फक्त तिथेच.

"वहिनीनंच केलं साहेब. जळते आमच्यावर," गृहस्थ म्हणाले. "गुन्हा दाखल करा. नाव लागलं की उद्याच खोली खाली करून घेतो."

वहिनी म्हणजे मयत मोठ्या भावाची बायको. ती त्याच घरात एका खोलीत राहत होती. गृहस्थांचा राग कॅसेटवर किती आणि खोलीवर किती, हे मी मनात टिपून ठेवलं. वस्तूची नासधूस अदखलपात्र असते, असं त्यांना समजावलं. चहा येण्याआधीच मला वरून फोन आला.

दुपारी खबर मिळाली. खबऱ्या म्हणजे त्या दुकानाशेजारचा झेरॉक्सवाला. शेजाऱ्याकडे गिऱ्हाईक वाढल्यापासून त्याला कायद्याची फार कळकळ वाटू लागली होती.

"साहेब, ती बाई येऊन गेली होती. तोंडावर पदर. विचारत होती, तेवढी जागा सुधरते का, आन् कोण्या कारणानं बिघडली ते समजते का."

संशय घट्ट झाला. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. म्हणून महिला हवालदार आणि व्हीसीआरसकट दुकानदाराला घेऊन मी कन्हानला गेलो. मोठी सून भिंतीला टेकून बसली होती. धाकटी, म्हणजे गृहस्थांची बायको, दारात उभी.

"ताई, दुकानात काहून गेल्या होत्या?"

"अशीच."

"अशीच कोणी कन्हानहून जरीपटक्याले जाते का? चुंबक फिरवला कॅसेटवर?"

"चुंबक मी कुठून आणू साहेब? शप्पथ घेतो, काही नाही केलं मी तिले."

"केलं नाही तर घामानं ओली काहून झाली मंग?" धाकटी म्हणाली.

बाई खरं बोलत होती आणि घाबरलेलीही होती. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की आवाज चढवू नये, हे मी नव्या फौजदारांना नेहमी सांगे. मी दुकानदाराला कॅसेट लावायला सांगितली. सूनमुख आलं, पडद्यावर पांढरे पट्टे धावले, चित्र फाटलं. मागे बायकांचा गलका मात्र चालू होता. चुंबकाने आवाजही गेला असता.

मला तरुणपणचे व्हिडिओ पार्लरवरचे छापे आठवले. जप्त कॅसेट तपासावी लागे. गिऱ्हाईक जिथे चित्र थांबवून थांबवून बघत, तिथे फीत झिजून चित्र असंच फाटलेलं असे. गिऱ्हाइकांची आवड पंचांसमक्ष सिद्ध होई.

मी गृहस्थांना चहा सांगायला बाहेर पाठवलं.

"ताई, इथं कॅसेट थांबवून पाहत होत्या ना?"

तिने पदर तोंडाला लावला. "सासूबाई दुपारी झोपल्या का आवाज बंद करून लावत होती. माझं सूनमुख झालंच नाही साहेब. ऐन मांडवातून सासऱ्यांले दवाखान्यात न्यावं लागलं, मंग राहूनच गेलं. हिच्या तोंडाकडे त्या कशा पाहून राहिल्या, तेच पाहत होती. वर्षानुवर्षं."

"म्हणजे नजर लावत होती माह्या तोंडाले!" धाकटी फणकारली.

"सगळे मिळून पाहत तेव्हा?" मी विचारलं.

"तवा मी चहा ठेवायले उठत होती."

मी दुकानदाराला तो भाग पुन्हा, आवाज वाढवून लावायला सांगितला. पट्ट्यांमागून सासूचा आवाज आला: "मोठी कुठी गेली वं? बोलवा तिले. तिचंबी राहून गेलं आहे, दोघींचं संगच पाहू."

कोणीतरी म्हणालं, "बोलावलं जी. नाही येत म्हणते. पोळ्या राहिल्या म्हणते."

मोठी पडद्याकडे पाहतच राहिली. "निरोप आला होता," ती म्हणाली. "मले वाटलं, हिचं कौतुक पाहायले बोलावून राहिले."

महिला हवालदार खिडकीबाहेर बघू लागली. धाकटी मात्र भडकली होती. "पाहा! माह्या सूनमुखातही आईले हीच पाहिजे होती!"

गृहस्थ चहा घेऊन आले. "केलं का कबूल?"

"काही नाही केलं तिनं," धाकटी म्हणाली. "फीत जुनी होती. तक्रार वापस घ्या."

"अवं, पण..."

"घ्या म्हटलं ना! गुन्हा नोंदला तर ही कॅसेट कोर्टात चार लोकांसमोर वाजन. चालन तुमाले?"

तक्रार मागे घेतली गेली. मोठीची खोली राहिली. ती न्यायाने राहिली असं मी म्हणणार नाही. एकीच्या मत्सराने धोक्यात आली आणि दुसरीच्या मत्सराने वाचली.

चोर मुद्देमाल लपवतो, हे प्रशिक्षणात शिकवतात. जळणारा माणूस मुद्देमाल रोज काढून बघतो आणि बघून बघून झिजवतो, हे त्या घरात शिकलो. त्याला पुराव्यातलं जे खुपतं तेवढंच दिसतं. बाकीचं ऐकायला तो थांबत नाही. पुढे शेवटच्या दिवसापर्यंत मी कुठलाही जबाब अर्ध्यावर थांबवला नाही, समोरचा कितीही रटाळ बोलला तरी.

आम्ही निघालो तेव्हा मोठीने दुकानदाराला हळूच विचारलं, "दादा, तेवढा आवाज मले वेगळा काढून देता का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. कॅसेट तिची नव्हती. मालकीण दारातच उभी होती. मी धाकटीकडे पाहिलं. तिने आधी मोठीकडे पाहिलं. मग म्हणाली, "द्या. पण आई 'दोघींचं' म्हणते तेवढं कापू नका म्हणा."