लॅकरखालचा ओरखडा

आमच्या ह्यांना कुठल्याही लग्नाला न्यायचं म्हणजे माझ्या डोक्याला ताप. लोक हॉलच्या दारात पाकीट देऊन जेवणाकडे वळतात, आणि हे खाली पार्किंगमध्ये उकिडवे बसून परक्यांच्या गाड्यांच्या चाकांवरून अंगठा फिरवत असतात. मागे एकदा वॉचमनने चोर समजून हटकलं, तर हे त्यालाच समजावायला लागले, "अहो, हे रिम आतून वाकलंय. मालकाला सांगा, गाडी जोरात पळवू नका." वॉचमनने खरंच मालकाला बोलावून आणलं. तो निघाला नवरीचा काका. तिकडे लग्न लागत होतं आणि इकडे हे दोघं कोट सांभाळत चाकाशी वाकलेले. मी मात्र वर एकटी बसून दोघांच्या वाटणीचं गोमांसाचं सूप प्यायले.

ह्यांचं नाव मा दोक्सू. कोरियात, इंचॉनच्या गाजवा भागात, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. अलॉय चाकं दुरुस्त करायची, एवढाच धंदा. वाकलेलं रिम यंत्रावर फिरवून बघायचं, आच देऊन जॅकने हळूहळू जागेवर आणायचं, घासायचं, रंगवायचं, वर लॅकरचा पारदर्शक हात मारून भट्टीत घालायचं. ही सगळी कामं ह्यांची. फोन घेणं, गिऱ्हाइकाला कागदी कपात कॉफी देणं, छोट्या ट्रकमधून चाकं आणणं-पोचवणं माझ्याकडे. ट्रक मी चालवते, हे बाजूला बसतात आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांना नावं ठेवतात.

तरुणपणी हे भाताची बिडाची पातेली ओतणाऱ्या कारखान्यात होते. धातू तापला की कुठे नरम येतो, ते तिथे कळलं म्हणतात. पुढे पातेली खपेनाशी झाली आणि गाड्यांना अलॉय चाकं आली. ह्यांनी फारसा विचार केला नाही, पातेल्यावरून चाकावर आले. त्यावर आमची मुलगी शिकली, लग्न होऊन सुवॉनला गेली, आणि आम्ही दोघं दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहोत. मला विचाराल तर बरं चाललंय. ह्यांच्या हाताला थिनरचा वास कायमचा बसलाय, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

आमचा हंगाम थंडी संपताना. डांबराच्या फटीत शिरलेलं पाणी हिवाळाभर गोठतं आणि वितळतं, वरून बर्फ विरघळावा म्हणून टाकलेलं मीठ, त्यावरून कंटेनरचे ट्रक. फेब्रुवारी सरत आला की रस्ता जागोजागी तोंड उघडतो. मग लोक चाक घेऊन येतात आणि सगळ्या शिव्या आम्हाला ऐकवतात. हे मान डोलावत ऐकतात आणि चाक उचलून उजेडाला धरतात.

ह्यांचा एक नियम आहे. वाकलेलं सरळ करतील, घासलेलं नवं करतील, पण मधल्या दांडीच्या, म्हणजे स्पोकच्या मुळाशी चीर गेली असेल तर ते चाक भंगारात. जोडून, रंगवून देणारे पुष्कळ आहेत. हे देत नाहीत. गिऱ्हाईक रागावून निघून गेलं तरी नाही.

तर गेल्या हंगामात एका सकाळी हाम मास्तर आले. हाम जोंगपिल म्हणजे ह्यांचे लष्करातले जोडीदार, एकाच बराकीत राहिलेले. वयाने वर्षभर मोठे, म्हणून हे त्यांना दादा म्हणतात. शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यात असल्यासारखेच बोलतात. मागच्या गल्लीतच राहतात. त्या दिवशी आत आले ते शटर अर्धं खाली ओढतच.

"वहिनी, कोणी आलं तर दुकान बंद आहे म्हणा."

"का हो? बँक लुटलीत की काय?"

"त्याहून वाईट," म्हणाले, आणि ह्यांना ओढत गाडीकडे घेऊन गेले.

पुढचं उजवं चाक. रिमला हाताएवढी खोक आणि दांडीच्या मुळाशी चीर. ह्यांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "दादा, हे गेलं. दुसरं घालावं लागेल."

"दुसरं घाल रे! पण ह्याच्यावर जे आहे ते त्याच्यावर पाहिजे."

ह्याच्यावर काय होतं ते आमची सगळी गल्ली जाणते. मास्तरांची बायको, यांगजाताई, हिने चाळिशी उलटल्यावर हौसेने गाडीचा परवाना काढला. दुसऱ्याच आठवड्यात बाजारात, तांदळाचे केक विकणाऱ्याच्या दुकानासमोर, चाक पदपथाच्या दगडाला घासलं. एवढंच. पण मास्तरांनी तो ओरखडा कधी काढू दिला नाही. जिवलग दोस्त चाकवाला, फुकट करून देतो म्हणून मागे लागलेला, तरी नाही. "राहू दे, लक्षात राहील," म्हणायचे. घरी पाहुणा आला की त्याला खाली नेऊन दाखवायचे, "हे बघा, आमच्या मंडळींचं ड्रायव्हिंग." पाहुणे हसायचे. यांगजाताईचा परवाना कपाटात गेला तो गेलाच. असे परवाने आमच्याकडे घरोघरी पडलेत, त्यांना कपाटातले परवाने असंच म्हणतात.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं. यांगजाताईची आई गांगह्वा बेटावर भावाकडे राहते. नव्वदी ओलांडलीय. मास्तर सणाला तेवढे नेतात. एरवी ताई दोन बस बदलून, किमचीचा डबा मांडीवर घेऊन जाते आणि शेवटची बस चुकेल म्हणून घाईघाईने परत येते. भरल्या घरात, त्या वर्षीच्या नववर्षाच्या जेवणाला, ती मास्तरांना म्हणाली होती, "ज्या दिवशी तुमच्या हातून ह्या गाडीला काही होईल, त्या दिवशी किल्ली माझी." आणि मास्तर सगळ्यांदेखत छाती फुगवून म्हणाले होते, "दिली!"

"काय करत होतात गाडी चालवताना?" मी विचारलं.

मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "भाजलेलं रताळं सोलत होतो."

ह्यांना हसू आवरेना. मास्तरांनी मात्र ह्यांचा हात धरला. "दोक्सू, आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलंय का मी? संध्याकाळपर्यंत. तिला कळलं तर मी गल्लीत तोंड दाखवू शकणार नाही."

हे मऊ माणूस. हो म्हणाले. मॉडेल जुनं, त्यामुळे भंगारवाल्याकडे तसलंच चाक मिळालं. मीच ट्रक घेऊन गेले आणि आणलं, पण वाटेत माझं डोकं तापत गेलं. परत आल्यावर मी ह्यांना सोडलं नाही.

"जन्मभर ओरखडे काढलेत. आता पाडायला बसणार? आणि तेही एका बाईच्या नावावर?"

"अगं, दोस्त आहे."

"ती कोण आहे मग? दर गुरुवारी गल्लीतल्या सार्वजनिक हमामात ती माझी पाठ घासते. मी तिच्याकडे कोणत्या तोंडाने बघू?"

ह्यांनी फुटलेलं चाक एका बाजूला ठेवलं, आणलेलं दुसऱ्या बाजूला, आणि पदपथाच्या दगडाचा एक तुकडा घेऊन बसले. मास्तर शेजारी स्टुलावर. असं विचित्र काम मी त्या दुकानात दुसरं पाहिलं नाही. ह्यांच्या हाताला वाईट काम करताच येईना. पहिली रेघ इतकी सुबक आली की मास्तर ओरडले, "अरे, इतकं नीट घासायला माझ्या बायकोला येतं का? थरथर पाहिजे, थरथर!" मग दोघं डोकी जोडून एकेक रेघ जमवत बसले. दुपारी मास्तर बायकोला गुंतवून ठेवायला घरी गेले. संध्याकाळी चाक बसलं. मी दोन्ही ओरखड्यांकडे पाहिलं आणि मला फरक सांगता आला नाही. राग आला तो वेगळाच.

गुरुवारी हमामात मी पोट दुखतंय म्हणून गेले नाही.

शुक्रवारी यांगजाताई स्वतःच दुकानात आली. हातात संत्र्यांची पिशवी. मला वाटलं माझ्या पोटाची चौकशी करायला आली असेल. ती सरळ ह्यांच्यासमोर उभी राहिली.

"दोक्सू, माझा ओरखडा कुठे गेला?"

हे कानापर्यंत लाल. "आहे की वहिनी. आहे तिथेच..."

"दिसतोय तिथेच. हाताला लागत नाही."

मग ती सांगत बसली. गाडीतून उतरताना ती पिशव्या खाली ठेवते, आणि रोज न चुकता तिचं बोट त्या चाकाकडे जातं. इतकी वर्षं. कुठे नख अडकतं, कुठे घसरतं, तिला पाठ आहे. काल बोट फिरवलं तर सगळं गुळगुळीत, काचेवरून फिरवल्यासारखं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मास्तर घरी गेल्यावर ह्यांनी सवयीप्रमाणे ओरखड्यावर लॅकरचा हात मारला होता, भट्टीत घातलं होतं आणि वर पॉलिशही केलं होतं. उघडा धातू दुकानाबाहेर पाठवायचाच नाही, रस्त्यावरचं मीठ खातं त्याला. एवढ्या वर्षांची सवय. मी पुढे विचारलंही, मुद्दाम केलंत का म्हणून. "नाही गं, हात आपोआप गेला," म्हणाले. माझा विश्वास आहे. ह्या माणसाने एकदा माझ्या सूपच्या पातेल्याच्या झाकणाला लॅकर मारलाय.

यांगजाताईची नजर कोपऱ्यातल्या भंगाराच्या ढिगावर गेली. ती तिकडे गेली, वाकली, फुटक्या चाकावरून नख फिरवलं. "हा माझा." मग बोट थोडं खाली आलं. "आणि ही चीर?"

ह्यांनी मान खाली घातली. "खड्डा, वहिनी."

"गाडी कोण चालवत होतं?"

हे फडक्याने हात पुसत राहिले. मी गप्प राहणार नव्हते. "रताळं सोलणारा माणूस," मी म्हणाले.

मला वाटलं ती हसेल. ती त्या चाकाशेजारी खाली बसली आणि रडायला लागली. "खड्ड्यात कोणीही जातं गं, बोंगिम," मला म्हणाली. "पण माझी चूक त्याने नवीन करून घेतली. मोडली होती, तरी मुद्दाम बनवून घेतली." मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि तिच्याच पिशवीतलं संत्रं सोलून तिला दिलं.

हे बाहेर गेले, फोन केला, आणि आत येऊन म्हणाले, "दादाला बोलावलंय. वहिनी, मी चुकलो. असलं काम मी घ्यायला नको होतं."

मास्तर आले. दारातून त्यांनी बायकोला भंगाराजवळ बसलेली पाहिली, आणि चाळीस पोरांना एका शिट्टीत उभं करणारा तो माणूस जागच्या जागी लहान झाला. मग खिशातून किल्ली काढली, जवळ जाऊन वाकून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. आमच्यात वडीलधाऱ्यांना देतात तशी.

"'दिली' म्हणालो होतो. आज देतो," म्हणाले.

ताईने डोळे पुसले, किल्ली घेतली आणि ह्यांना म्हणाली, "दोक्सू, तो खोटा ओरखडा काढून टाक."

ह्यांनी त्याच दिवशी चाक उतरवलं. इतक्या आनंदाने काम करताना मी ह्यांना क्वचित पाहिलंय, चक्क गुणगुणत होते.

पुढचे काही दिवस मी ताईला बंदरामागच्या मोकळ्या मैदानात घेऊन जायची. सुरुवातीला ती स्टिअरिंग असं धरायची, जणू सोडलं तर पळून जाईल. मी तिला ओरडले, तिने मला उलट ऐकवलं, आणि रस्त्यावर आलो तेव्हा ती बसच्या मागून बिनधास्त निघाली.

रविवारी ती एकटी गांगह्वाला गेली. मास्तर बरोबर येतो म्हणाले, तिने नको सांगितलं. मग तो माणूस सकाळपासून आमच्या दुकानात. कॉफीवर कॉफी. "पुलावर वारा असतो." "त्या वळणावर ट्रक येतात." "पेट्रोल बघितलं असेल ना तिने?" शेवटी हे म्हणाले, "दादा, तुम्ही हवा भरायला तरी बसा," आणि त्यांच्या हातात नळी दिली.

फोन वाजला तेव्हा ह्यांनी धावत जाऊन कॉम्प्रेसर बंद केला. मास्तरांनी घाबरून स्पीकरचं बटण दाबलं.

"पोचले," ताई म्हणाली. "आईला गाडीत बसवलंय. समुद्राच्या बांधावरून चक्कर मारली. तिला तुमच्याशी बोलायचंय."

म्हातारीला ऐकू कमी येतं, म्हणून ती ओरडूनच बोलते. सगळं दुकान दणाणलं.

"जावईबापू! पोर किती छान चालवते हो गाडी! इतकी वर्षं बसनं यायची. गाडी बंद होती का?"

मास्तरांच्या हातातली नळी खाली पडली. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "हो, आई. माझ्यामुळे बंद होती."