आधण आल्याशिवाय नाही

माझ्या लेकीला चार महिन्यांत दुसऱ्यांदा टायफॉईड झाला, तेव्हा मी डॉक्टरांवरच चिडले. त्यांनी रिपोर्ट वाचून शांतपणे विचारलं, "पाणी कुठलं पिता?" आणि माझं डोकं फिरलं. हाच प्रश्न त्यांनी पहिल्या वेळीही विचारला होता.

"गरम करूनच पितो," मी म्हणाले. "चार महिने झाले. एका दिवसाचा खंड नाही."

"पाण्यातूनच आला असं छातीठोक सांगता येत नाही," ते म्हणाले. "बाहेरचं खाणं असेल, न धुतलेले हात असतील. पण घरचं पाणी आपल्या हातात असतं. तेवढं एकदा नीट तपासा."

तपासा म्हणे! मी निलंग्याच्या एका शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. जंतू, रोग, निर्जंतुकीकरण, सगळं फळ्यावर चित्रं काढून. मला कोण शिकवणार? मी गोळ्या-सलाईनची चिठ्ठी घेतली आणि लेकीला रिक्षात बसवलं. नऊ वर्षांची पोर, पण मांडीवर टेकली तर वजनच लागेना. पहिल्या तापानंतर तिचे केस मुठीमुठीने गळले होते, तेव्हापासून ती आरशासमोर जायची बंद झाली होती. रिक्षात तिने विचारलं, "आई, हे बरं झाल्यावर मी परत आजारी पडणार का?"

"नाही," मी म्हणाले.

बोलून तर बसले. आता ते खरं करून दाखवणं माझ्यावर आलं.

आमच्या लातुरात नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एखाद्या वारी. त्या दिवशी घरातलं कुणी गावाला जात नाही, पाहुणा आला तर त्याच्याही हातात बादली देतात. हौद, टाकी, ड्रम, घागरी, पातेली भरली की मग पुढचे सात-आठ दिवस त्यावर काढायचे. माझं माहेर नांदेडचं. लग्न होऊन आले तेव्हा सकाळी उठून माठातलं शिळं पाणी मोरीत ओतायला निघाले होते, माहेरच्या सवयीने. सासूबाईंनी माठाचा काठ धरला आणि म्हणाल्या, "गोदावरीकाठची हायस, कळलं. हितं पानी शिळं हुत न्हाई." त्यावरून मला अजून चिडवतात. सासूबाईंना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणते. मी सकाळी साडेसहाच्या एसटीने शाळेला निघते आणि दुपार कलल्यावर परत येते. त्यामुळे घरातलं पाणी त्यांच्या हाती. भरणं, गाळणं, झाकणं, लेकीची बाटली भरून देणं, सगळं त्याच बघतात. पहिल्या तापानंतर मी त्यांना बजावून सांगितलं होतं, "आत्याबाई, डॉक्टर म्हणालेत, पोरीला पाणी गरम करून द्यायचं." त्या "हाव" म्हणाल्या होत्या.

दवाखान्यातून आले आणि चपला काढायच्या आधीच मी त्यांना विचारलं, "पाणी खरंच गरम करता, का नुसतं म्हणता?"

त्या भाजी निवडत होत्या. हातातली जुडी तशीच राहिली. "कुलदेवीची आन," त्या म्हणाल्या. "एक दिवस चुकलं आसंल तर माजी जीभ झडू दे."

मला तेव्हाच वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मागच्या वेळी सलाईन लावलेला लेकीचा बारीक हात डोळ्यांपुढे होता आणि मला कुणाची तरी चूक हवी होती.

मग रात्री नवरा म्हणाला, "मशीन घेऊ. घराघरात लोकांनी आरओ लावलंय, सगळे येडे हायत का?" त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी एका विक्रेत्याचा नंबर दिला आणि रविवारी तो विक्रेता हजर झाला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, काळी बॅग. आमच्या टेबलावर त्याने दोन ग्लास मांडले. एकात आमचं नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेलं मशीनचं. दोन्हींत तारा जोडलेल्या धातूच्या कांड्या सोडल्या आणि बटण दाबलं. बघता बघता आमचं पाणी हिरवट, मग तपकिरी झालं, वर फेस आला, खाली गाळ बसला. त्याचं पाणी जसंच्या तसं.

"बघा मॅडम," तो म्हणाला. "हे तुमची मुलगी पिते."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याने खिशातून पेन काढलं, सही कुठे करायची ते विचारायला.

ते वाक्य तो बोलला नसता तर मी गप्प बसले असते कदाचित. मी उठले, स्वयंपाकघरातून मीठ आणलं आणि त्याच्या त्या स्वच्छ पाण्यात चिमूटभर टाकलं. "आता लावा बटण."

"मॅडम, तसं नसतं करायचं."

"लावा तर खरं."

लावलं. मिनिटाभरात त्याचंही पाणी आमच्याइतकंच घाण झालं. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि त्या कांडीचंच लोखंड पाण्यात उतरतं. तो गाळ पाण्यातला नसतोच, कांडीचा असतो. हे मी दर वर्षी आठवीला शिकवते. मग मी त्याच्या बॅगेतलं टीडीएसचा आकडा दाखवणारं यंत्र आमच्या नळाच्या पाण्यात बुडवायला लावलं. आकडा काही मोठा नव्हता. बोअरचं पाणी असतं, डाळ शिजत नाही, भांड्याला पांढरी खपली धरते, तर गोष्ट वेगळी. मी विचारलं, "हा आकडा क्षार सांगतो. जंतू सांगतो का?" तो म्हणाला, "सगळंच सांगतो मॅडम." मी म्हणाले, "आणि एक तांब्या पाणी द्यायला हे मशीन मोरीत किती सोडतं?" तो म्हणाला, दोन-तीन तांबे, पण ते फरशी पुसायला वापरता येतं. ज्या गावाला एकदा रेल्वेने पाणी आणून पाजावं लागलं, तिथे उभं राहून तो हे सांगत होता. आत्याबाईंनी पदर तोंडावरून काढला.

तो बॅग आवरून गेला तेव्हा नवरा माझ्यावर भडकला. "दारी आलेल्या माणसाचा असा पाणउतारा करतात का?"

"पाण्यावरूनच केला," मी म्हणाले. "आणि मशीन वाईट असतं असं मी म्हणत नाही. आपल्या पाण्याचा रोग वेगळा आहे. खोकल्याला मलम चोळून काय उपयोग?"

"मग तुझं औषध काय? गरम तर चार महिने करून राहिलो आपण."

तो बरोबर बोलत होता. तापवलेल्या पाण्यात टायफॉईडचे जंतू जगत नाहीत. मग आले कुठून? मी शाळेतल्या टाकीवर संशय घेतला, गल्लीतल्या पाणीपुरीवर घेतला, लेक वाढदिवसाला गेली होती तिथल्या जारच्या पाण्यावर घेतला. जारचं पाणी थंडगार असतं म्हणून आपले लोक त्याला 'फिल्टरचं' म्हणतात, ते कुणी कशातून गाळलं हे कुणीच विचारत नाही. चार दिवस मी सगळ्या गावाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. घरात मात्र बघितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

लेकीसाठी मी आठवडाभर रजा टाकली होती. त्यातल्या एका सकाळी मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात उभी होते. एरवी या वेळी मी एसटीत असते, आणि रविवारी मी उठेपर्यंत आत्याबाईंचं पाणी झालेलं असतं. त्यांनी पातेलं गॅसवर ठेवलं. थोड्या वेळाने झाकण काढलं, धुतलेलं बोट पाण्यात बुडवलं आणि झटकन बाहेर काढलं. चटका बसला होता. त्यांनी गॅस बंद केला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं की. रोज असंच करते. बोटाला चटका बसला की उतरवायचं." मग त्यातलं थोडं पेल्यात ओतून, फुंकून, त्या लेकीकडे निघाल्या. "ऊन-ऊन हाय तवरच पी गं माय. गार झालं की गुन जातो त्याचा."

लेकीने तोंड वाकडं केलं. "आजी, मला गार पाणी दे ना."

मी तिथेच ओट्याला टेकले. चार महिने त्या माझ्या पोरीला कोमट पाणी पाजत होत्या, सर्दी-खोकल्याला देतात तसं. माझं वाक्य त्यांनी अक्षर न् अक्षर पाळलं होतं. गरम करून द्या म्हटलं, तर गरम करून दिलं. उकळा असं मी म्हणालेच नव्हते. वर्गात शंभर अंश सेल्सिअस घोकून घेणारी मी, घरात 'गरम' म्हणून मोकळी झाले होते.

"आत्याबाई, एवढ्याने जंतू मरत नाहीत हो," मी म्हणाले. "खळखळा उकळायला पाहिजे. बुडबुडे यायला पाहिजेत."

त्या पेला घेऊन थांबल्या. "म्हंजी आधण?"

"हाव. आधण."

"मग आधण आणा म्हनायचं की गं!" त्यांचा आवाज चढला. "आधण अन् गरम एक हाय व्हय? आंघूळीला गरम करत्यात, भाताला आधण ठिवत्यात. साठ वर्सं चुलीपुढं गेली माजी. म्या कधी आधण यायच्या आदी तांदूळ टाकलेत का?"

एवढं बोलून त्यांचा चेहरा उतरला. हातातल्या पेल्याकडे बघत त्या म्हणाल्या, "म्हंजी म्याच पाजलं की तिला." पेला त्यांनी मोरीत उपडा केला. ज्या बाईने मला माठातलं शिळं पाणी ओतू दिलं नव्हतं, तिने.

त्या दिवसापासून त्यांनी पिण्याच्या पाण्याला हात लावणं सोडलं. धुणं-भांडी करायच्या, स्वयंपाक करायच्या, पण लेकीने पाणी मागितलं की म्हणायच्या, "आईला माग."

माझं मात्र आता ठरलं होतं. नळाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, गढूळ असेल तर तुरटीचा खडा दोनदा फिरवून निवळू द्यायचं. मग आधण. खळखळून उकळी आल्यावरही लगेच उतरवायचं नाही. झाकण ठेवूनच गार करायचं आणि तोटीच्या स्टीलच्या पिंपात भरायचं, म्हणजे कुणी आत पेला बुडवायला नको. नवरा गॅसच्या नावाने कुरकुरला. त्याला म्हटलं, तू दवाखान्यात बसून सलाईनचे थेंब मोज, मी गॅस वाचवते. पुन्हा कुरकुरला नाही.

रजा संपली तशी मी पहाटे पाचला उठून हे सगळं करायला लागले. दोन आठवडे केलं. लेक हळूहळू हिंडूफिरू लागली, भूक लागली म्हणून मागायला लागली. पण मी घरात नसताना पिंप संपलं तर काय, ही धास्ती शाळेत सुटेना. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त सलत होतं ते दुसरंच. आजी-नातीच्या मध्ये एक पेला पाणी येऊन बसलं होतं, आणि ते तिथे मी ठेवलं होतं.

एका संध्याकाळी मी आत्याबाईंच्या शेजारी जाऊन बसले. माझा स्वभाव माफी मागण्याचा नाही, हे त्यांनाही माहीत आहे. "चूक माझी होती," मी म्हणाले. "शब्द माझा चुकला. आणि वरून तुमच्यावरच संशय घेतला. तुम्ही सांगितलं तेच केलंत."

"शबूद तुजा, हात माजा," त्या म्हणाल्या. "ताप लेकराला आला."

मी म्हटलं, "उद्यापासून पाणी तुम्हीच ठेवा. मला तुमच्याशिवाय जमणार नाही."

"ठिवते. पर तू उबी ऱ्हा बाजूला. एकदा डोळ्यांनं बघ, अन् मग जा तुज्या शाळंला."

दुसऱ्या दिवशी मी साडेसहाची एसटी जाऊ दिली. आम्ही दोघी गॅससमोर उभ्या राहिलो. आधी कडेला बारीक बुडबुडे आले, मग वाफ धरली, मग तळापासून पाणी उसळायला लागलं. आत्याबाईंनी बोट पदरात गुंडाळून ठेवलं होतं. पुरेसा वेळ झाला असं वाटून मी गॅस बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"येऊ दे अजून," त्या म्हणाल्या, आणि हात काही सोडला नाही.