दोंडाईचाला नेलेला काळा कॅमेरा

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो. खरं तर हा किस्सा माझ्या बायकोचा. म्हणजे फजिती माझी, सांगायची ती. घरी कोणीही आलं की कुमुद तो रंगवून सांगायची आणि मी शेजारी बसून पुरावा म्हणून तोंड दाखवायचो. गेल्या वर्षी ती गेली. आता दोन्ही कामं मलाच करावी लागतात. तिच्याइतकं जमणार नाही, सांभाळून घ्या.

तेव्हा मी जळगावात नुकता कुठे शिक्षक म्हणून कायम झालो होतो आणि लग्नाचं वय हातातून निसटायला लागलं होतं. तीन ठिकाणांहून नकार आले होते. कारण एकच: ‘मास्तर फार साधे आहेत.’ नकार द्यायला याहून सभ्य शब्द तुम्हाला तरी सुचेल का? म्हणून दोंडाईचाचं स्थळ आलं तेव्हा मी ठरवूनच टाकलं, काही झालं तरी यांना साधं दिसायचं नाही.

त्यासाठी माझ्याकडे एक हत्यार होतं. नानांचा कॅमेरा.

नाना म्हणजे माझे मामा, पलटणीतून निवृत्त झालेले. येताना त्यांनी लष्कराच्या मोडीत काढलेल्या सामानाच्या लिलावातून एक जुना जर्मन कॅमेरा आणला होता. पितळी अंग, वर काळा रंग, तळाला ठोकलेला लष्करी नंबर. नाना सांगत, लढाईतला कॅमेरा काळाच हवा. तो उन्हात चकाकला की शत्रूला मागचा माणूस दिसतो.

पण वापरून वापरून कडांचा काळा उडाला होता आणि पितळ उघडं पडलं होतं. आता म्हणे हौशी लोक त्या झिजलेल्या पितळेवरच जीव टाकतात. मला मात्र तो घासून ठेवलेल्या तांब्यासारखा दिसायचा. पुण्यात एक गृहस्थ असे कॅमेरे खोलून, नवा रंग भट्टीत भाजून पुन्हा काळे करून देत. त्यांना काही महिने लागत. मला येत्या रविवारी मुलगी बघायची होती.

शिक्षकाला काळा रंग म्हटल्यावर काय आठवणार? फळा! सुट्टीत फळे रंगवून उरलेला डबा शाळेत होता. त्यातले दोन हात दिले. तरीही जरा चमकतोय असं वाटलं, म्हणून वरून कंदिलाची काजळी चोळली. भिंगावरचं पितळी झाकणसुद्धा सोडलं नाही, तेही काळंभोर केलं. बोटांना थोडं लागत होतं, पण नवा रंग आहे, बसेल, म्हणून विजारीला पुसलं.

नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना माणसांच्या आकृत्या तेवढ्या दिसत. त्यांनी कॅमेऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “झकास. एकदम पलटण.”

मुलगी बघायला माझ्याबरोबर कोण आलं असेल? बरोबर. नानाच.

मे महिना होता. पॅसेंजरच्या डब्यात आम्ही भरताच्या वांग्यासारखे भाजून निघत होतो. घाम नुसता वाहत होता आणि मी सराव म्हणून दर स्टेशनाला कॅमेरा डोळ्याला लावत होतो. समोरची म्हातारी माझ्याकडे एकटक बघत होती. मला वाटलं, छाप पडतेय.

दोंडाईचाला मुलीचे वडील दारात उभे होते. त्यांना सगळे आबा म्हणत. मला बघून त्यांचे जोडलेले हात हवेतच राहिले. मग सावरून म्हणाले, “पाव्हना, ऊन भलतं शे. तोंड धुई ल्या.”

मी म्हटलं, “नको आबा, मला उन्हाची सवय आहे.”

बैठकीत बसलो. मुलीचा भाऊ तांब्या-गडवा घेऊन आला, तोही नको म्हटलं. तो साबण घेऊन आला. मग टॉवेल घेऊन आला. केवढी ही माणसं अगत्यशील, म्हणून मी भारावून गेलो आणि बदल्यात त्याचा एक फोटो काढला. मग आबांचा काढला. मग दारातून डोकावणाऱ्या बायकांचा काढला. जितकं अगत्य, तितके फोटो, आणि जितके फोटो, तितका… असो.

नाना अभिमानाने आबांना म्हणाले, “कॅमेऱ्याचा रंग कसा वाटला? आमच्या भाच्याने स्वतः दिलाय.”

आबांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग म्हणाले, “रंग ना? बठ्ठीकडे शे.”

सगळीकडे आहे म्हणे. मला वाटलं, सगळीकडे सारखा लागलाय अशी तारीफ करताहेत. मी मान लववली.

आबांची बहीण, अक्का, कोपऱ्यात बसली होती. तिने मला न्याहाळलं आणि पदराआडून म्हणाली, “याले कोनीच नजर लागाव नही.”

कोणाचीच नजर लागणार नाही म्हणे. हेही मी माझ्या रूपाच्या खात्यावर जमा केलं. तुम्ही हसा, पण यापूर्वी माझ्या रूपाबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

शेवटी मुलगी आली. हातात पोहे नव्हते, चहा नव्हता. राखेने घासून लख्ख केलेलं एक स्टीलचं ताट तिने माझ्यासमोर ठेवलं. रिकामं. आणि ती उभी राहिली.

मी ताटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. खानदेशात मुलगी बघायला आलेल्याला थेट जेवायलाच बसवतात की काय? मी अदबीने विचारलं, “काय वाढणार आहात?”

ती म्हणाली, “आधी बघा तरी.”

मी वाकून बघितलं. ताटातून एक गृहस्थ माझ्याकडे बघत होते. उजव्या डोळ्याभोवती काळं कडं, नाक काळं, गालावर बोटांचे फराटे, आणि घामाने ते सगळं हनुवटीपर्यंत ओघळलेलं. काळा कॅमेरा मागचा माणूस लपावा म्हणून असतो. तो लावून सगळ्या गावाला दिसलेला माणूस मी एकटाच असेन.

मग रॉकेलचा बोळा आला, साबण आला, गरम पाणी आलं. मी लालबुंद आणि रॉकेलचा वास मारत परत येऊन बसलो. चौथा नकार पक्का, हे मला दिसत होतं. आबांनी मुलीला रीतीप्रमाणे विचारलं, तुला काही विचारायचंय का? तिने विचारलं, “फोटो कधी मिळतील?”

फोटो कुठले मिळतात? त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. भिंगावरचं झाकण मी इतकं बेमालूम काळं केलं होतं की ते काढायचंच राहून गेलं. रोल धुऊन आला तो कोराच. त्या दिवसाचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

होकार मात्र आला. लग्नानंतर मी कुमुदला विचारलं, काय बघून हो म्हणालीस? ती म्हणाली, “घरभर सगळे तुम्हाला हसत होते आणि तुम्ही हौसेने त्यांचेच फोटो काढत होता. असल्या माणसाला एकटं सोडणं बरं नाही, म्हटलं.”

आणि सोडलंही नाही. बाहेर पडताना कॉलर उलटी, बटण एक घर खाली, काय असेल ते ती दारात थांबवून सांगायची. पुढे फारसं कोणी मला हसलं नाही, ते त्यामुळे.

ती गेल्यावर परवा प्रथमच दोंडाईचाला गेलो. तीच पॅसेंजर. गाडीत ओळखीचे बरेच भेटले, गप्पा झाल्या. मेहुण्याने दारातच म्हटलं, “दाजी, तोंड धुई ल्या.”

मी म्हटलं, “नको रे, मी अंघोळ करूनच निघालोय.”

तो आत गेला, एक रिकामं ताट घासून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

मी बघितलं. कानापासून हनुवटीपर्यंत सकाळच्या दाढीचा साबण वाळून बसला होता. जळगावपासून.